मुनीमजींची सून आणि माझी सायकल

“जोधपूरचे उंट संपावर गेलेले दिसतात,” पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसातला कारकून शेजारच्याला म्हणाला. माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू येईल अशा बेतानं.

शेजारच्यानं माझ्या सायकलकडे पाहिलं. बाबांनी ती गोणपाटात गुंडाळून सुतळीनं शिवली होती, पेडल काढून कॅरिअरला बांधली होती आणि हँडल वळवून दांडीला समांतर केलं होतं. “लेडीज आहे,” तो म्हणाला. “स्टँडवर लावली तर गुडघाभर रुतेल.”

“काढतील उकरून. वेळ भरपूर असतो तिकडे.”

बाबा हसले. मी हसले नाही. माझ्या तोंडाला स्कार्फ होता, त्यामुळे हसले असते तरी कुणाला कळलं नसतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी होती. चपला जिन्यातच काढाव्या लागत, कारण कॉम्प्युटरना धूळ सोसत नाही अशी मालकांची ठाम समजूत होती. मारवाडातल्या एका मिठाच्या कारखान्यानं आपला वजनकाटा, ट्रकांची पाठवणी आणि बिलं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं होतं. ते काम आम्हाला मिळालं आणि त्यासाठी हिवाळाभर तिथं जाऊन राहणं भाग होतं. जाणार होतो आम्ही दोघंच: सर, म्हणजे आमचे प्रोजेक्ट लीडर, आणि मी. माझी निवड का झाली ते मला पक्कं माहीत होतं. ऑफिसातल्या बाकीच्यांना ‘नाही’ म्हणता येत होतं.

सायकल मात्र मी सोडणार नव्हते.

मी खडकीतल्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये वाढले. सकाळी भोंगा झाला की गल्लीगल्लीतून सायकली निघत आणि गेटाशी त्यांचा एकच लोंढा होई. हँडलला डबे, कपाळावर गंध, तोंडात कालच्या मॅचच्या गप्पा. बाबाही त्यातच असत. मी पाचवीत असताना त्यांनी मला सायकल शिकवली आणि तेव्हापासून तिच्याशिवायचा दिवस मी फारसा पाहिला नव्हता. शाळा, कॉलेज, मग संगम पुलावरून एरंडवण्यापर्यंत ऑफिस. बरोबरच्या मुलींकडे एकेक करून स्कूटर आल्या. सर तर ऑफिसात पहिला पगार घेणाऱ्या प्रत्येकाला विचारत, “मग, कुठली बाइक?” मला गाडी नको होती. सायकलवर असलं की कुणाशी बोलावं लागत नाही. रिक्षावाल्याशी हुज्जत नाही, कंडक्टरशी नाही, लिफ्ट देणाऱ्या मैत्रिणीच्या पाठीमागे बसून वाऱ्यात ओरडणं नाही.

बोलण्याचं मला भय होतं, असं म्हटलं तर जास्त होईल. पण मी इंग्रजी शाळेत शिकले होते. माझं मराठी घरापुरतं आणि इंग्रजी शाळेपुरतं. बाहेर कुणी पटकन काही विचारलं तर दोन्हींतलं एकही वेळेवर हाताशी येत नसे. आणि पुण्यात उत्तराला उशीर झाला की समोरचा ते आपल्या वतीनं देऊन टाकतो, तेही असं, की पुन्हा तोंड उघडू नये.

त्यात स्कार्फ आला. त्या वर्षांत पुण्यातल्या मुली गाडीवर बसताना डोकं, कपाळ, नाक, तोंड सगळं गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवायला लागल्या होत्या. बाहेरगावचे पाहुणे बघून हसत. मुली म्हणत, धूळ असते, धूर असतो, ऊन लागतं. ते खरंच होतं. माझं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्कार्फ बांधला की लक्ष्मी रोडवर सख्खी मावशी समोरून आली तरी मला ओळखत नसे.

जोधपूरच्या पुढे जीपनं काही तास गेलं की कारखाना येई. एका बाजूला मिठागरं, पांढरी, सपाट. दुसऱ्या बाजूला वाळू आणि खेजडीची झाडं, एकमेकांपासून इतक्या अंतरावर की प्रत्येक झाड वेगळं मोजून लावल्यासारखं वाटे. कारखान्याच्या भिंतीआतच गेस्टहाउस होतं. भिंतीबाहेर एक अरुंद डांबरी रस्ता जवळच्या गावाकडे जायचा. सायकल आमच्या मागून काही दिवसांनी मिठाच्या रिकाम्या ट्रकमधून येऊन पोचली. मी पेडलं बसवत होते तेव्हा सर चहाचा कप घेऊन बाहेर आले.

“ही खरंच आली?”

“हो.”

“इथल्या मॅनेजरला मी विचारलंय. तो म्हणतो, मुलगी आहे, एकटी आहे, नको. मी म्हटलं, ती बोलत नाही, त्यामुळे भांडण होणार नाही.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “उजाडल्यावर जायचं, नाश्त्याला परत. आणि गावातून एक जरी तक्रार आली, एक जरी, तर सायकल गोडाऊनमध्ये. मला इथं मिठाचं सॉफ्टवेअर बसवायचंय. गावकी करायची नाही.”

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बाहेर पडले. वाळवंट म्हणजे ऊन अशी माझी शाळेच्या भूगोलातली कल्पना. पण हँडलला हात लावला आणि ते इतकं गार होतं की मी हात झटकन काढून घेतला. दोन स्वेटर, वरून शाल, हातमोजे आणि स्कार्फ नेहमीपेक्षा घट्ट. श्वासानं तो आतून ओला होई आणि थोड्याच वेळात बाहेरून कडक. रस्त्याकडेच्या वाळूवर मिठासारखं काहीतरी पसरलं होतं. कारखान्याचंच मीठ सांडलं असेल असं समजून मी हातमोजा काढून त्याला बोट लावलं. ते विरघळलं. वाळूवर दव गोठलं होतं.

पुण्यात सायकल चालवताना मी रस्ता ऐकत चालवायची. मागून येणारा टेम्पो, उजवीकडून घुसणारी रिक्षा, बस थांबतानाचा सुस्कारा. इथं पहिल्यांदाच मी माझी सायकल ऐकली. चेन दात्यावर बसते त्याचा आवाज, टायरखाली चिरडणारे वाळूचे कण, माझा स्वतःचा श्वास. रस्ता इतका सरळ होता की समोरून येणाऱ्या बसचा दिवा दिसायला लागला आणि ती बस येतच राहिली, येतच राहिली. मध्ये मी दोनदा थांबले, चेनमध्ये अडकलेलं शालीचं टोक सोडवलं, तरी ती आपली येतेच आहे. मग सूर्य वर आला. आपल्याकडे तो कशाच्या तरी मागून येतो. टेकडीमागून, टाकीमागून, समोरच्या बिल्डिंगमागून. इथं तो जमिनीतूनच निघाला, पायांच्या पातळीवर. माझी आणि सायकलची सावली रस्ता सोडून वाळूवर पडली आणि लांबत लांबत एका खेजडीपर्यंत जाऊन पोचली. चाकांच्या सावल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की आऱ्यांमधून माणूस चालत गेला असता.

मी सायकल थांबवून उभी राहिले. आपण किती लहान आहोत हे कुणी सांगितलं की मला राग येई. इथं कुणी काही सांगत नव्हतं, आणि रागही आला नाही.

पुढे वाळू रस्त्यावर चढून आली होती. तिथं उतरून ढकलावं लागे. काट्यांनी पहिल्याच आठवड्यात दोन्ही टायर पंक्चर केली. पंक्चरची पेटी बाबांनी बरोबर दिली होती, पण बादलीभर पाण्यात ट्यूब बुडवून भोक शोधायची माझी सवय तिथं चालेना. पाणी टँकरनं येत असे. मग ट्यूब गालाजवळ धरून हवा कुठून लागते ते बघायला शिकले.

गाव लागायच्या आधी एक तलाव होता. त्याच्या वळणावर सात-आठ म्हातारे शेकोटीला बसलेले असत, डोक्याला रंगीत फेटे आणि अंगावर घोंगड्या. मी जवळ आले की त्यांचं बोलणं बंद होई. ते मान वळवत, कुणी जमिनीकडे बघे, एकजण तर चक्क पाठ करून बसे. मी पुढे गेले की मागे कुजबुज सुरू. पहिल्या दिवशी मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की हे पुण्यापेक्षा बरं आहे. तिथं पाठ करत नाहीत, पण टोमणा मारतात. इथं कुणी काही म्हणतच नाही. मी मान खाली घालून जोरात पेडल मारायची आणि निघून जायची.

तलावापलीकडे मला तो आवाज पहिल्यांदा आला. करकर करकर, लांबून. मला वाटलं, मागच्या चाकाचे छर्रे गेले. उतरले, सायकल उचलून मागचं चाक हातानं फिरवलं. चाक नीट फिरत होतं. आवाज येतच होता. मग लक्षात आलं की तो वरून येतोय.

आकाशाच्या कडेला एक रेघ दिसली. ती जवळ आली तेव्हा तिचे पक्षी झाले. राखाडी, उंच मानेचे, गळ्यापासून छातीपर्यंत काळे, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा झुबका. त्या रेघेमागे दुसरी, तिसरी, मग सगळं आकाशच रेघोट्यांनी भरलं आणि त्या करकरण्यातून दुसरं काही ऐकू येईना. ते गावाबाहेरच्या एका कुंपण घातलेल्या मैदानावर उतरू लागले. पाय लोंबकळत, पंख मागे धरून, एकामागून एक, एकमेकांना न आपटता. गावातल्या लोकांनी तिथं ज्वारी पसरून ठेवली होती. मी नंतर विचारलं नाही, ऐकलं फक्त, की यांना कुरजां म्हणतात, की ते दर हिवाळ्यात हिमालयापलीकडून येतात, आणि गाव त्यांना आजोबा-पणजोबांपासून रोज दाणे घालतं.

मी कुंपणाला सायकल टेकवून उभी राहिले ती हातांची बोटं बधिर होईपर्यंत. त्या दिवशी नाश्ता हुकला. त्यानंतर रोज सकाळी मी तिथवर जाऊ लागले. दिवसभर वजनकाट्याच्या पत्र्याच्या खोलीत बसून कोड लिहिताना मनात एकच असे: उद्या सकाळी.

त्या खोलीत माझ्या शेजारी मुनीमजी बसायचे. कारखान्याचे सगळे ट्रक, सगळी वजनं, सगळे व्यापारी त्यांच्या डोक्यात होते आणि ते डोक्यातून कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं माझं काम होतं. ते गावातून उशिरा, कारखान्याच्या बसनं येत; तोवर माझा स्कार्फ सुटलेला असे आणि मी खुर्चीत बसलेली असे. मला ते बाईसा म्हणत. हिंदीत बोलत, ते मी इथं मराठीत लिहिते आहे. मी उत्तरं एका शब्दात द्यायची आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. कमी बोलणाऱ्या मुलीबद्दल त्यांना आदरच होता.

एके दिवशी ते आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. सकाळपासून दोन ट्रकांची उलटी नोंद सांगितली. दुपारी चहाला सर आत आले, तेव्हा मुनीमजींना राहवेना.

“साहेब, घरात शांतता नाही.”

“का हो? काय झालं?”

“गाव म्हणतंय, माझी सून पहाटे सायकल चालवते.”

सरांचा कप तोंडाजवळ थांबला. मी कीबोर्डकडे बघत राहिले.

“नवी सून आहे. दिवाळीनंतर लग्न करून आणली, जोधपूर शहरातली. शहरातल्या मुलींना सायकल येते, म्हणून सगळ्यांचा संशय आमच्याच घरावर. तोंड नीट झाकते म्हणतात, तेवढं बरं आहे. पण तलावाशी गावातले सगळे थोरले बसलेले असतात, आणि ही त्यांच्या समोरून सायकलवर बसून जाते! उतरतसुद्धा नाही! ते बिचारे लाजेनं मान फिरवतात.”

“सून काय म्हणते?”

“शपथ घेते, मला सायकल येतच नाही. तर माझी बायको म्हणते, येत नाही तर एवढी जोरात कशी चालवते?”

“घरात सायकल आहे?”

“नाही ना. तेच तर. कुठं लपवते ते शोधतायत. काल कडब्याची गंजी उपसली.”

सरांनी कप खाली ठेवला आणि हळूहळू मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग मराठीत म्हणाले, “तू सांगतेस, का मी सांगू?”

मी मान आणखी खाली घातली.

“मुनीमजी,” सर म्हणाले, “गंजी परत रचा. ती सायकल आमच्या गेस्टहाउसच्या व्हरांड्यात आहे. आणि तुमची सून ही इथं बसली आहे.”

मुनीमजींना कळायला थोडा वेळ लागला. मग ते हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. फेट्याच्या शेवानं डोळे पुसले, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हसले. आणि मग एकदम गंभीर झाले.

“पण बाईसा, तुमचं लग्न कुठं झालंय?”

मी मान हलवली. नाही.

“मग तोंड कुणापासून झाकता?”

त्यांच्याकडे तोंड झाकते ती सून. सासरच्या गावात, थोरल्यांसमोर. त्याच गावची लेक उघड्या चेहऱ्यानं फिरते. सून आणि लेक यांच्यामध्ये तिसरं काही त्या रस्त्यावरून जाऊ शकतं हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आणि मला वाटत होतं की ते म्हातारे माझ्याकडे पाठ करून मला तोडून टाकतायत. ते मला वाट देत होते.

“पुण्यात बायका तोंड कुणापासून झाकतात ते पुण्यालाही माहीत नाही,” सर म्हणाले. मग मराठीत माझ्याकडे वळून, “पण तक्रार आली. काय ठरलं होतं?”

संध्याकाळी सायकल गोडाऊनमध्ये गेली, मिठाच्या पोत्यांमागे. किल्ली सरांकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं उठले आणि गेस्टहाउसच्या गच्चीवर गेले. तिथून भिंतीपलीकडचा रस्ता दिसत होता, पुढचं वळण दिसत नव्हतं. सूर्य आला तो कारखान्याच्या चिमणीमागून, पुण्यासारखाच. लांबून ती करकर ऐकू आली आणि मी कठडा धरून उभी राहिले. आईबाबांपासून दूर आल्याचं, रोज तेच जेवण जेवल्याचं, कशाचंच मला इतके दिवस काही वाटलं नव्हतं. आता सगळं एकदम वाटायला लागलं. काम संपायला अजून बराच हिवाळा बाकी होता, आणि तो मी या भिंतीआत काढणार होते. सरांना जाऊन सांगायचं, मला सायकल परत हवी. एवढंच वाक्य. मी ते मनात मराठीत केलं, इंग्रजीत केलं, आणि नाश्त्याला त्यांच्यासमोर बसून मुकाट्यानं पोहे खाल्ले.

“मिठाच्या कारखान्यात आळणी पोहे,” सर म्हणाले.

त्यानंतरच्या दिवशी मुनीमजी निरोप घेऊन आले. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव बासा म्हणे, म्हणजे मोठे काका, त्यांना मला बघायचं होतं. सुनेवरचा आळ चारचौघांत पुसायला हवा होता. जीपनं सर आणि मी गेलो. मुनीमजींच्या अंगणात खाटा टाकल्या होत्या आणि शेकोटीवरचे सगळे फेटे तिथं बसले होते. मी स्कार्फ आणलाच नव्हता. इतक्या लोकांनी एकाच वेळी माझा चेहरा बघायची मला सवय नव्हती. त्यांनी तो नीट बघितला.

बासा म्हणजे तलावाशी पाठ करून बसणारे तेच. चेहरा त्यांचाही मी पहिल्यांदाच बघत होते.

“लेक आहे ही तर,” ते म्हणाले. सगळे हसले.

मला आत नेलं. चुलीशी घुंगटातली सून बसली होती. सासू पाणी आणायला वळली तसा घुंगट बोटभर वर झाला आणि आतून कुजबुज आली, “माझ्या नावावर इतकं फिरलात, मला एकदा घंटी तरी वाजवू द्या.” मला हसू आलं. तिलाही. सासू आली आणि पडदा पडला.

बाहेर येताना बासांनी मला थांबवलं. “कुरजां बघायला जातेस ना? मग जा. पण एक ठरव. सून असशील तर तोंड झाकून, सायकलवरून उतरून, न बोलता जा. लेक असशील तर तोंड उघडं ठेव, सायकलवर बस, पण आमच्याशी बोलून पुढं जा. लेक थोरल्यांच्या समोरून न बोलता जात नाही. अर्धं हे, अर्धं ते, असं चालणार नाही.”

जीपमध्ये सरांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. “तोंड उघडं ठेवायचं आहे,” ते म्हणाले. “ते तू दाताच्या डॉक्टरकडेही ठेवतेस. पण इथं त्यातून काहीतरी बाहेरही यायला पाहिजे. नाहीतर पुन्हा हे सगळे फेटे माझ्या दारात.”

सकाळी स्कार्फ गेस्टहाउसच्या खुंटीवर ठेवला आणि निघाले. गार हवा गालांना चाटून नाही, कापून गेली. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं. नाकाचा शेंडा आहे की नाही कळेना. पण वास! इतके दिवस मी स्कार्फचाच वास घेत होते. आता गोवऱ्यांचा धूर आला, शेळ्यांचा, गार वाळूचा, ओल्या दगडासारखा. आणि नजरेच्या दोन्ही कडांना असलेली कापडाची चौकट गेली होती. आकाश डावीकडून सुरू होऊन मागे जाऊन उजवीकडून परत येत होतं. मी पेडल मारणं विसरले आणि सायकल आपसूक हळू झाली.

वळण आलं. शेकोटी दिसली. मी शब्द तयार ठेवले होते, हिंदीत, दोनच. फेटे वर झाले. या वेळी कुणी मान वळवली नाही. सगळे माझ्याकडे बघत वाट पाहत होते. मी तोंड उघडलं. थंडीनं की कशानं, आवाज निघालाच नाही. नुसती वाफ निघाली. मी मान खाली घातली आणि जोरात पेडल मारलं.

“मुनीमचीच सून आहे रे!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा झाला.

कान तापले. जमलं नाही. परत त्याच रस्त्यानं जायचं होतं, दुसरा रस्ता नव्हता. किल्ली सरांना परत द्यायची आणि विषय संपवायचा. कोड लिहायचं, जेवायचं, झोपायचं. ते मला जमत होतं. तसं ठरवतच मी कुंपणाशी पोचले.

ते आधीच यायला लागले होते. त्या दिवशी थंडी वाढली होती म्हणून की काय, पण मी पूर्वी कधीच इतके पाहिले नव्हते. मैदान भरलं तरी वरून उतरतच होते, जागा मिळेना म्हणून घिरट्या घालत होते, त्यांच्या सावल्या माझ्या अंगावरून, सायकलवरून, हातांवरून धावत होत्या. ऊन पिसांवर पडून राखाडीचं रुपेरी झालं होतं. काही पक्षी कुंपणाच्या इतके जवळ आले की त्यांचे लाल डोळे दिसले, आणि पंख मिटतानाचा वारा माझ्या उघड्या गालाला लागला. हिमालयावरून आलेला वारा, मला वाटलं. हे असं काही रोज घडतं, मी खडकीत झोपलेली असते तेव्हाही, मी संगम पुलावर सिग्नलला उभी असते तेव्हाही. आणि कुणीतरी त्यांच्यासाठी आधी उठून ज्वारी पसरून ठेवतं.

शेजारी काठी टेकल्याचा आवाज झाला. बासा शेकोटी सोडून माझ्यामागून चालत आले होते. रागवायला आले असतील असं वाटून मी आक्रसले. ते रागावले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. दोन्ही हात काठीवर ठेवून तेही वरच बघत होते, जन्मभर रोज बघितलेलं ते, पुन्हा, तोंड किंचित उघडं ठेवून. आम्ही बराच वेळ तसे उभे होतो.

मग करकरीच्या वर आवाज काढून त्यांनी विचारलं, “तुमच्या पुण्यात असं येतं का काही?”

मी पुण्याची. पुण्यात नाही असं जगात काही आहे, हे आमच्याकडे कुणी सहज कबूल करत नाही. पण शब्द शोधायच्या आत ते बाहेर आले होते, मोठ्यानं, इतके मोठ्यानं की जवळचे चार पक्षी मान वर करून बघायला लागले. हिंदीत बोलले की मराठीत, ते आता आठवत नाही.

“नाही, बासा. आमच्याकडे असं काहीच नाही. उद्या मी आणखी लवकर येते.”